आईचं 'काय म्हणाला?' आणि आमचा 5.1 : हॉलमध्ये रिसिव्हर बसवतानाच्या नोंदी

फ्लॅट पुण्यात, सिंहगड रोडला, पाचवा मजला. हॉल 17 बाय साडेदहा फूट, एका बाजूला बाल्कनीची सरकती काच आणि दुसऱ्या बाजूला डायनिंग टेबल. ज्यांना असलंच काही करायचंय त्यांना उपयोग होईल म्हणून लिहून ठेवतोय, कुठे पैसे वाया गेले तेही लिहिलंय.

16 मार्च 2025, रविवार

निमित्त आई. पिक्चर लावला की दर दोन मिनिटांनी "काय म्हणाला?" आणि मग कोणीतरी रिमोट घेऊन आवाज 28 वर नेतो, तेवढ्यात गाणं लागतं आणि बाबा आतून ओरडतात. टीव्हीचे स्पीकर खाली तोंड करून बसवलेले, आवाज आधी युनिटच्या फळीवर आणि मग आपल्याकडे, त्यात पंखा. आईचे कान तपासून झाले, वयाच्या मानाने ठीक आहेत.

साउंडबार घ्यायचा की वेगळा रिसिव्हर (आवाज वेगवेगळ्या स्पीकरांना वाटून देणारा अॅम्प्लिफायर) आणि त्याला पाच स्पीकर नि एक सबवूफर (जाड आवाजाचा), म्हणजे 5.1, यावर बायकोशी तीन दिवस चर्चा. बार सोपा आहे हे मान्य. पण त्यातला एक भाग गेला की सगळंच अडतं, आणि माझी कॉलेजपासूनची हौस आहे हे लपवण्यात अर्थ नाही. बजेट ठरलं 80,000. (हसू नका, शेवटी हिशोब दिलाय.)

20 मार्च, गुरुवार

न्यू जर्सीतला चुलतभाऊ म्हणाला माझा जुना 7.1 चा रिसिव्हर घेऊन जा, फुकट, मे महिन्यात येतोच आहे. फुकट म्हटल्यावर मी हुरळलो. मग त्याला मागच्या बाजूचा फोटो पाठवायला सांगितला, तिथे स्पष्ट छापलेलं, एसी 120 व्होल्ट, 60 हर्ट्झ. म्हणजे आपल्या 230 वर थेट लावला तर धूर. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागणार, तोही 500 वॅटच्या वर सहज चालणारा, म्हणजे सात-आठ किलोचं लोखंड टीव्हीखाली कायम गुणगुणत बसणार. शिवाय रिसिव्हरचं स्वतःचं वजन दहा किलो, म्हणजे त्याची अर्धी बॅग. नको म्हटलं. तुमचा कोणी नातेवाईक देत असेल तर आधी तो मागचा फोटो मागवा, नंतर आनंद व्हा.

23 मार्च, रविवार

दुकानं फिरलो. एका ठिकाणी "साहेब, हा 1000 वॅटचा आहे, तुमच्या त्या 70 वॅटवाल्याला कुठे धरता" असं ऐकवलं. लहानपणीच्या टेपवर 2000 वॅट पीएमपीओ (जाहिरातीपुरता फुगवलेला आकडा) लिहिलेलं असायचं तो प्रकार आठवला. बॉक्सवर बारीक अक्षरात बघायचं ते असं: किती ओहमच्या स्पीकरला, किती चॅनल चालू असताना, आणि किती टक्के डिस्टॉर्शनला (आवाज फाटण्याला). 10 टक्के डिस्टॉर्शनला मोजलेले 1000 वॅट म्हणजे स्पीकर फाटेपर्यंत ताणून सगळ्या चॅनलची केलेली बेरीज. त्याउलट डेनॉन काय, यामाहा काय, त्यांच्या सुरुवातीच्या 5 चॅनलवाल्यांवर 70 वॅट लिहिलेलं असतं ते डेनॉनचं 8 ओहमला, यामाहाचं 6 ओहमला, दोन चॅनल चालू ठेवून, 20 हर्ट्झ ते 20 किलोहर्ट्झ आणि 0.1 टक्क्याच्या आतल्या डिस्टॉर्शनला. पाचही एकदम वाजले की तेवढे मिळत नाहीत हेही खरं. पण वॅट दुप्पट केले तरी आवाज फक्त 3 डेसिबलने वाढतो, आणि आम्ही बसतो टीव्हीपासून साडेनऊ फुटांवर. 70 भरपूर झाले.

7.2 (सात स्पीकर, दोन सबवूफर) आणि अॅटमॉसचा (छताकडूनही आवाज) मोह झाला. सोफा मागच्या भिंतीला चिकटून आहे, मागे स्पीकर ठेवायला चार इंच जागा नाही, आणि फॉल्स सीलिंग आता फोडणार कोण. 5 चॅनल, विषय संपला. ते दोन चॅनल वाचवलेले पैसे सेंटर स्पीकरमध्ये घालायचे ठरवलं, कारण पिक्चरमधलं बोलणं बहुतेक सगळं तिथूनच येतं, आणि हा सगळा खटाटोप बोलण्यासाठीच आहे.

30 मार्च, रविवार, पाडवा

गुढी उभारली आणि खरेदीला गेलो. रिसिव्हर 41,500, पुढची बुकशेल्फची (छोट्या स्पीकरांची) जोडी 16,800, सेंटर 8,900, सराउंडची (बाजूच्या-मागच्या आवाजाची) जोडी 7,600 आणि 8 इंची सबवूफर, म्हणजे सब, 17,500. बजेट तिथेच गेलं. बायको काही बोलली नाही, ते जास्त टोचलं.

घरी आणून रिसिव्हर टीव्ही युनिटच्या खणात सरकवला तर तो बसला, छान बसला, आणि मग लक्षात आलं की मागे वायरी लावायच्या कुठे. युनिट आतून 14 इंच खोल, रिसिव्हर 13 इंच. स्पीकरचे प्लग आणि एचडीएमआयचं वळण धरून मागे अजून तीन इंच तरी लागतात. मी दुकानात फक्त रुंदी आणि उंची मोजली होती. एवढं शिकलेला माणूस. पाडव्याच्या दिवशी रिसिव्हर डायनिंग टेबलवर, श्रीखंडाच्या पातेल्याशेजारी.

5 एप्रिल, शनिवार

सुतारकाका आले. मागची प्लाय कापून मोठी खिडकी केली, रिसिव्हर पुढे दोन इंच बाहेर येईल अशी पट्टी लावली आणि वरच्या फळीला मागच्या बाजूने लांब खाच मारली. ती खाच माझी आयडिया नव्हती, त्यांची. म्हणाले, "यंत्र गरम होतं ना, मग त्याला श्वास नको?" मी दार बंद होणारा खण ठेवणार होतो. आता दारच काढून टाकलंय. 1,200 घेतले, सगळ्यात सत्कारणी लागलेले पैसे हे.

6 एप्रिल, रविवार

स्पीकर वायर. गेल्या आठवड्यात तपकीर गल्लीतून 30 मीटर आणली होती, 840 रुपये, पारदर्शक, दिसायला सोनेरी, एकदम झकास. केसिंग पट्टी स्कर्टिंगच्या वरून फिरवली, दाराच्या चौकटीवरून घेतली, गिट्ट्या ठोकल्या, अख्खा दिवस गेला. संध्याकाळी टोकं सोलताना चाकू लागला आणि आत पांढरं दिसलं. तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम! मीटर लावून बघितलं, सगळ्यात लांबच्या सराउंडची, 12 मीटरच्या धावेची, पलीकडची टोकं एकत्र पिळून. मीटरच्या स्वतःच्या वायरींचे 0.3 वजा करून 1.3 ओहम. 8 ओहमच्या स्पीकरच्या आधी 1.3 ओहम म्हणजे चांगलंच झालं, पाच टक्क्यांच्या आत हवं असं धरतात. आणि जाडीही चुकलेली, 0.5 स्क्वेअर एमएम.

(उलटंही असतं बरं का, वरून पांढरी आणि खरवडली की आत तांबं, ती कल्हई केलेली चांगली वायर. खरवडून बघितल्याशिवाय कळत नाही, दुकानातच चाकू मागा.)

सगळी उपटली. नवी 1.5 स्क्वेअर एमएमची, तांब्याची, लाल-काळी, 30 मीटर 1,950. पट्टीत आता जेमतेम बसते, दाराच्या वर झाकण नीट लागत नाही, सेलोटेप मारलीय.

12 एप्रिल, शनिवार

सगळं जोडलं, नारळ तेवढा फोडायचा बाकी. पॉवर दाबली, आत टक्क वाजलं, दोन सेकंदांनी परत टक्क, बंद. लाल दिवा लुकलुक. परत दाबलं, परत तेच. पोटात गोळा. 41,500 डोळ्यासमोर.

हा प्रोटेक्शन मोड. बहुतेक वेळा आत काही जळलेलं नसतं, बाहेर कुठेतरी शॉर्ट असतो म्हणून तो स्वतःला बंद करून घेतो. प्लग काढला, सगळ्या स्पीकर वायरी काढल्या, नुसता चालू केला तर गुण्यागोविंदाने चालू राहिला. मग एकेक वायर, दर वेळी पॉवर बंद करून. चौथ्याला सापडलं, सेंटरच्या लाल टर्मिनलमधून एकच केसाएवढी तार बाहेर येऊन काळ्याला टेकलेली. चष्मा लावूनही दिसत नव्हती, मोबाइलचा टॉर्च तिरका धरल्यावर चमकली. दोन तास गेले. दुसऱ्या दिवशी बनाना प्लग (वायरीच्या टोकाला लावायच्या पिना) आणून सगळ्या टोकांना लावले. पहिल्याच दिवशी आणले असते तर.

13 एप्रिल, रविवार

आवाज आला. सब घुमला, धाकटी लेक नाचली, बाबा म्हणाले "बरंय." रात्री सगळे पिक्चर बघायला बसलो. दहाव्या मिनिटाला आई: "काय म्हणाला?"

17 एप्रिल, गुरुवार

चार दिवस मी "कानाला सवय व्हायला वेळ लागतो" वगैरे सांगत होतो. आज सहज सेंटर स्पीकरला कान लावला. शांत. ठार शांत. चार दिवस आम्ही सगळ्यात काळजीने निवडलेला स्पीकर बंद ठेवून पिक्चर बघत होतो, आणि टेस्ट टोनला तो वाजतो म्हणून मला शंकाही आली नाही.

चुका दोन. एक म्हणजे टीव्हीच्या मागे तीन एचडीएमआय पोर्ट आहेत, त्यातल्या एकाच पोर्टवर आर्क लिहिलंय, एचडीएमआयवरून टीव्हीतला आवाज फक्त त्यातूनच रिसिव्हरकडे उलटा येतो. मी वायर दुसऱ्यात लावली होती, आवाज येईना म्हणून वेगळी ऑप्टिकल वायर लावून मोकळा झालो होतो. दुसरी म्हणजे टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट 'पीसीएम' वर होतं. मग टीव्ही आधीच सगळ्याचं दोन चॅनल करून पाठवतो, आणि रिसिव्हर 'स्टीरिओ' वर असल्यामुळे तोही पुढच्या दोघांनाच वाजवतो. आर्कच्या पोर्टात लावली, रिसिव्हरच्या मेनूत एचडीएमआय कंट्रोल चालू केलं, टीव्हीत पीसीएमचं 'ऑटो' केलं, आणि रिसिव्हरच्या डिस्प्लेवर डॉल्बी डिजिटल प्लस (म्हणजे सगळ्या चॅनलचा आवाज) उमटलं. तो डिस्प्ले बघायची सवय लावून घ्या, सगळं तिथे लिहिलेलं असतं.

आमचा टीव्ही 2019 चा, ईआर्क (आर्कची पुढची आवृत्ती) नाही. साधा आर्क डॉल्बी डिजिटल प्लस नेतो, ओटीटीवर तेच येतं, त्यामुळे काही अडत नाही. ब्ल्यू-रे डिस्कवरचा ट्रूएचडी प्रकारचा आवाज त्यातून जात नाही, पण ब्ल्यू-रे आहे कोणाकडे. असलाच तर तो प्लेअर थेट रिसिव्हरला लावायचा.

आणि डीटीएचच्या मालिका आमच्याकडे स्टीरिओच येतात. त्यांच्यासाठी रिसिव्हरवर 'डॉल्बी सराउंड' मोड ठेवलाय, तो दोन चॅनलमधलं मधलं बोलणं काढून सेंटरला देतो. आईच्या मालिका आता निम्म्या आवाजात ऐकू येतात. पिक्चरला अजून अधूनमधून विचारतेच.

20 एप्रिल, रविवार

ऑटो कॅलिब्रेशन, म्हणजे रिसिव्हर माइकने ऐकून स्पीकर स्वतःच जुळवतो. सोबत आलेला माइक कॅमेऱ्याच्या ट्रायपॉडवर, बसल्यावर कान जिथे येतात तिथे. पहिला प्रयत्न सोफ्याच्या पाठीवर माइक ठेवून केला होता तो फुकट, पाठीवरून आवाज परत येतो. दुसऱ्या प्रयत्नात 'आजूबाजूला आवाज जास्त आहे' असा मेसेज, पंखा बंद करायला विसरलो. तिसऱ्यात कुकरची शिट्टी. चौथ्याला सगळ्यांना बेडरूममध्ये कोंडलं, पंखे बंद, फ्रीज बंद, एप्रिलच्या दुपारी दोन वाजता, घामाने निथळत पुतळ्यासारखा उभा.

निकाल: डावा सराउंड उलट्या फेजमध्ये, म्हणजे त्याचे प्लस-मायनस उलटे. असा मेसेज कधी कधी उगाच येतो म्हणे, म्हणून सेल लावून खात्री केली. रिसिव्हरकडचं टोक काढायचं (हे विसरू नका) आणि साधा दीड व्होल्टचा पेन्सिल सेल, प्लस लाल वायरला, मायनस काळ्याला, क्षणभरच टेकवायचा. वूफरचा पडदा पुढे उडी मारायला हवा. माझा आत गेला. दाराजवळ जोड मारताना लाल-काळी उलटी पिळली होती. सेलोटेपच्या मागेच.

कॅलिब्रेशनने लावलेल्यात दोन गोष्टी हाताने बदलल्या. पुढचे बुकशेल्फ त्याने 'लार्ज' ठरवले होते, ते 'स्मॉल' केले, क्रॉसओव्हर 80 हर्ट्झ, म्हणजे खालचं सगळं सबकडे जातं आणि छोट्या स्पीकरांवर ताण येत नाही. सब प्रत्यक्षात 9 फुटांवर आहे आणि तो 16 दाखवतोय, ते मात्र तसंच ठेवलं. सबच्या आतल्या सर्किटमुळे आवाज उशिरा निघतो, तो उशीर तो फुटांत मोजतो. मी आधी शहाणपणा करून 9 केलं होतं, बास लुळा पडला, परत 16.

26 ते 28 एप्रिल

घुंईंईं.

सबमधून कायम बारीक गुणगुण येते हे पहिल्यापासून होतं, पण दिवसा पंख्यात दबायची. रात्री शांत सीनला छळते. व्हॉल्यूम कमी-जास्त केला तरी ती तेवढीच. सगळं चालू ठेवून एकेक वायर काढत गेलो. सबची आरसीए वायर (रिसिव्हरकडून सबला आवाज नेणारी) काढली, बंद. परत लावली, चालू. मग वाटलं वायरच खराब, शेजाऱ्यांकडून दुसरी आणली, तेच. एचडीएमआय काढली, बंद. लावली, चालू. डोकं फिरायची वेळ. शेवटी सेट-टॉप बॉक्सच्या मागची डिशची वायर उघडली आणि सगळं घर शांत.

प्रकार असा: रिसिव्हरचा प्लग दोन पिनचा, त्याला अर्थिंगच नाही. सबचा तीन पिनचा, त्याला घरचं अर्थिंग. गच्चीवरची डिश लोखंडी रेलिंगला क्लॅम्प केलेली, म्हणजे तिचं अर्थिंग बिल्डिंगच्या लोखंडाचं. ही दोन अर्थिंग माझ्या आरसीए आणि एचडीएमआयच्या शील्डमधून एकमेकांना भेटत होती. काढलेल्या डिश वायरचं बाहेरचं धातूचं टोक आणि बोर्डाचं अर्थिंग यांच्यामध्ये मीटर लावला, 2.3 व्होल्ट एसी.

उपाय एक: बुधवार पेठेतून डिशच्या वायरमध्ये लावायचा आयसोलेटर (दोन अर्थिंग तोडणारा), 450. लावला, गुणगुण गेली आणि चॅनलही गेले. 'नो सिग्नल'. तो केबल टीव्हीसाठीचा होता. डिशच्या एलएनबीला (तिच्या पुढच्या डबीला) 13 किंवा 18 व्होल्ट डीसी बॉक्सकडून त्याच वायरीतून वर जातात, आयसोलेटर ते अडवतो. आधी सुचलं असतं तर. बाबांच्या संध्याकाळच्या बातम्या बुडाल्या, त्याबद्दल जे ऐकलं ते इथे लिहीत नाही.

उपाय दोन: आरसीएमध्ये लावायचा ग्राउंड लूप आयसोलेटर, 350. गुणगुण गेली, आणि सबमधला जीवही गेला. आतला ट्रान्सफॉर्मर सुपारीएवढा, खालच्या 30-40 हर्ट्झला तो काय करणार. गाडीच्या टेपला ठीक असेल.

उपाय तीन, वायरमनने सुचवलेला: "सबची वरची जाड पिन कापून टाकू, दोन मिनिटांचं काम." गुणगुण जाते, हे खरं. पण सबच्या आत काही बिघडून करंट बॉडीला आला तर तो जायला वाट राहत नाही, आणि आमच्या घरात पाच वर्षांची मुलगी सबला टेकून बसते. नाही म्हटलं. कोणी सुचवलं तर तुम्हीही नाहीच म्हणा.

शेवटी झालं ते असं, डिशची वायर घरात येते तिथे धातूचा जोड टाकला, त्या जोडाला क्लिप लावून हिरवी वायर त्याच बोर्डाच्या अर्थिंगला नेली जिथे सबचा प्लग आहे. मेन स्विच बंद करून वायरमननेच केलं, 500 घेतले. आता दोन्ही अर्थिंग दारातच भेटतात, माझ्या आरसीएपर्यंत भांडण येत नाही. सबच्या पडद्याला कान चिकटवला तर किंचित येतं, सोफ्यावर शून्य.

तीन दिवस, 800 रुपये पाण्यात.

4 मे, रविवार

खालचे काका आले. चिडलेले नव्हते, पण "वर कोणी मिरच्या कांडतंय का?" असं विचारलं. सब कोपऱ्यात होता, कोपऱ्यात तो फुगतो, एकच सूर धडधडत राहतो.

जागा शोधायची रीत विचित्र आहे पण चालते: सब उचलून सोफ्यावर, आपण बसतो तिथे ठेवायचा, बास असलेलं गाणं लावायचं आणि भिंतीकडेने रांगत फिरायचं, जिथे बास सपाट आणि स्वच्छ ऐकू येईल तिथे सब. मी रांगतोय, मागे लेक रांगतेय, बायको व्हिडिओ काढतेय. जागा निघाली उजव्या स्पीकरच्या शेजारी, कोपऱ्यापासून सहा फुटांवर. त्याखाली दीड बाय दीडची शहाबादी फरशी आणि फरशीखाली वॉशिंग मशीनचे रबरी पॅड, 380. रात्री दहानंतर सब 4 डेसिबलने खाली. परत कॅलिब्रेशन, परत पंखे बंद, यावेळी मे.

काकांना वर बोलावून दाखवलं, चहा झाला. आता म्हणतात, मिरच्या बंद झाल्या, अधूनमधून कोणीतरी दार लोटतं एवढंच.

11 मे, रविवार

पिक्चरमधलं बोलणं. आईची तक्रार आता नेमकी झाली होती: "ऐकू येतं रे, पण डब्यातून बोलल्यासारखं." बरोबर होतं तिचं! सेंटर खणात पाच-सहा इंच आत ढकललेला, पुढे फळीचा ओठ, वर फळी, आणि स्पीकरची उंची आमच्या गुडघ्याएवढी. पुढे ओढून फळीच्या कडेला आणला, खाली पुढच्या बाजूने दाराला लावायची दोन रबरी पाचरं घालून तोंड वर केलं, कानाच्या दिशेने. सेंटरचा क्रॉसओव्हर 80 चा 100, लेव्हल 2 डेसिबलने वर. आणि रात्रीसाठी रिसिव्हरमधलं डायनॅमिक रेंज कमी करणारं सेटिंग चालू, त्याने धमाके दबतात आणि कुजबुज वर येते. फुकटातली कामं ही, वीस मिनिटांची. सगळ्यात मोठा फरक यानेच पडला, अर्थिंगचा किस्सा सोडला तर.

अख्खा पिक्चर झाला, आईने एकदाच विचारलं, तेही तिला डुलकी लागली होती म्हणून.

25 मे, रविवार

हिशोब. स्पीकर आणि रिसिव्हर मिळून 92,300. बाकी वायरी दोन वेळच्या 2,790, पट्ट्या, गिट्ट्या नि बनाना प्लग 1,260, एचडीएमआय 700, सबची आरसीए 650, सुतारकाका, वायरमन, फरशी, दोन आयसोलेटर धरून एकूण 1,00,580. त्यात निव्वळ वाया 1,640. बजेट 80,000 होतं हे बायकोला आठवतंय. वेळ दहा शनिवार-रविवार.

सीईसी (तेच ते एचडीएमआय कंट्रोल) चालू असल्यामुळे टीव्हीचा रिमोट दाबला की रिसिव्हर आपोआप चालू होतो आणि आवाजही त्याच रिमोटवर, आई-बाबांना तिसरा रिमोट हातात घ्यावा लागत नाही. बाबा मात्र नाट्यसंगीत लावलं की म्हणतात, "ते मधलं आणि मागचं बंद कर, दोघांतूनच ऐकू दे." रिमोटवरच्या स्टीरिओच्या बटणावर लाल टिकली चिकटवून दिलीय, तेवढं एक बटण त्यांचं.

राहिलेली कामं: दारावरची सेलोटेप. आणि आज आईने दाखवून दिलं की सब आत्ता जिथे आहे तिथे दरवर्षी मखर बसतं. गणपती 27 ऑगस्टला. म्हणजे त्याआधी परत एकदा सब सोफ्यावर आणि मी जमिनीवर.